स्टीमच्या जमान्यातला अमेरिकन मालगाडीचा डबा इतिहासाला धरून कसा बनवायचा : नवीन लोकांसाठी पायरी-पायरीने

मॉडेल रेल्वेत नवीन आलेली बहुतेक मंडळी सगळा जीव इंजिनात घालतात. कुठल्या वर्षाचं इंजिन, कुठल्या कंपनीचं, चाकं किती, सगळं तोंडपाठ असतं, आणि मग त्याच्यामागे जे डबे लावतात ते दुकानात जे छान दिसले ते. मग होतं काय, १९४३ च्या वाफेच्या इंजिनामागे १९५० चा डबा, त्याच्यामागे १९२० चा, आणि मध्येच एखादा असा की जो त्या रंगात कधी धावलाच नाही. खरं तर गाडी बघताना नजर सगळ्यात जास्त वेळ डब्यांवरच असते, इंजिन एक आणि डबे चाळीस, त्यामुळे गाडी खरी वाटायची असेल तर डब्यांवर मेहनत घ्यायला हवी. हा लेख त्यासाठीच. सगळी उदाहरणं अमेरिकेतली आणि एचओ स्केलची आहेत, म्हणजे १:८७.१, खरा एक फूट म्हणजे मॉडेलवर साडेतीन मिलीमीटर. हा हिशोब डोक्यात पक्का बसवा, पुढे सारखा लागणार आहे. चाळीस फुटी बॉक्सकार (छत आणि दार असलेला बंद मालडबा) म्हणजे १४० मिमी, झालं.

आधी तारीख आणि जागा ठरवा

पहिली पायरी पैसे खर्च न करता करायची आहे. वर्ष ठरवा, जमलं तर महिनाही ठरवा, आणि जागा ठरवा. "स्टीम एरा" एवढं म्हणून भागत नाही, तो शंभर वर्षांहून जास्त काळ आहे आणि १९२५ ची मालगाडी आणि १९५२ ची मालगाडी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नवीन माणसाला माझा सल्ला, शिकागो आणि १९४२-४३ चा हिवाळा घ्या. कारण अगदी व्यवहारी आहे. त्या काळात जॅक डेलानो नावाच्या फोटोग्राफरने सरकारी कामासाठी शिकागोच्या रेल्वे यार्डांचे भरपूर फोटो काढले, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नच्या प्रोव्हिसो यार्डचे, इलिनॉय सेंट्रलच्या मालधक्क्याचे, आणि त्यातले बरेच चक्क रंगीत, कोडाक्रोम फिल्मवर. हे सगळे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत, मोठ्या साइझमध्ये डाउनलोड होतात, तुम्ही नाशिकला असा नाहीतर न्यू जर्सीत. झूम केलं की डब्यावरची अक्षरं वाचता येतात. शिवाय शिकागो असं जंक्शन की पूर्वेचे, पश्चिमेचे, दक्षिणेचे सगळ्यांचे डबे तिथे यायचे, म्हणजे तुम्हाला हव्या त्या कंपनीचा डबा ठेवायला सबळ कारण मिळतं.

तारीख ठरली की अर्धं दुकान आपोआप बाद होतं आणि हे फार बरं असतं, खिसा वाचतो. आपण १९४३ ची सुरुवात धरली तर बघा:

पुलमन-स्टँडर्ड कंपनीची पीएस-१ बॉक्सकार १९४७ ला आली, म्हणून बाद. तांबड्या-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांची "स्टेट ऑफ मेन" बॉक्सकार सगळ्यांना आवडते, ती १९५० ची, बाद. छोट्या चौकोनात रंगीत आडव्या पट्ट्या असलेलं लेबल डब्यावर दिसलं तर तो डबा १९६७ नंतरचा आहे, बादच बाद. छतावर चालायची फळी नसलेली बॉक्सकार, तीही साठच्या दशकापासूनची. आणि बिअर-लोणी-मांसाच्या मोठमोठ्या जाहिराती रंगवलेले पिवळे-लाल रिफर, म्हणजे बर्फावर गार ठेवायचे डबे, ज्यांचे किट सगळ्यात जास्त खपतात, त्या जाहिरातींवर आयसीसीने, म्हणजे तिथल्या वाहतूक नियामक मंडळाने, १९३४ मध्ये बंदी घातली आणि १९३७ पर्यंत त्या पुसून टाकायला लावल्या. मोठ्या मांस कंपन्यांचे स्वतःच्या नावाचे साधे रंगवलेले डबे पुढेही चालले, पण भाड्याच्या डब्यावर दुसऱ्याची जाहिरात हा प्रकार संपला. १९४३ च्या गाडीत ते रंगीबेरंगी रिफर लावू नका, कितीही मोह झाला तरी.

पुरावा गोळा करा

दुसरी पायरी. एक डबा निवडा, एकच. आणि त्याच्याबद्दल तीन प्रकारचे कागद जमवा.

एक, फोटो. दोन, ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर, ज्याला सगळे ओआरईआर म्हणतात. ही त्या काळी छापली जाणारी जाडजूड यादी, प्रत्येक रेल्वेकडे कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत कसले डबे, आतली लांबी-रुंदी-उंची किती, दार किती रुंद, क्षमता किती, त्या मालिकेतले किती डबे अजून चालू आहेत, सगळं. मालगाड्या एकमेकांच्या रुळांवर जायच्या म्हणून ही माहिती सगळ्यांना लागायची. जुन्या अंकांच्या पुनर्मुद्रित प्रती आणि स्कॅन मिळतात, तुमच्या वर्षाच्या जवळचा अंक शोधा. तीन, कार बिल्डर्स सायक्लोपीडिया, त्यात ड्रॉइंग असतात आणि ब्रेकपासून दारापर्यंत सुट्या भागांच्या जाहिराती असतात, त्या जाहिराती तर ड्रॉइंगपेक्षाही कामाच्या.

यात भांडण झालं तर जिंकतो फोटो. ड्रॉइंग म्हणजे काय बनवायचं ठरलं होतं ते, आणि फोटो म्हणजे काय बनलं ते. पण फोटो वाचायचीही पद्धत आहे. कारखान्यातून डबा बाहेर पडताना जो फोटो काढायचे तो अगदी सुबक असतो, सगळे रिव्हेट मोजता येतात, पण तो डब्याच्या पहिल्या दिवसाचा आहे. तुमच्या १९४३ पर्यंत त्या डब्याचं दार बदललं असेल, ब्रेक बदलला असेल, रंग तर दोनदा झाला असेल. जुन्या वाड्याला मागाहून पत्रे, ग्रिल, नवीन दार लागलेलं असतं तसंच हे. म्हणून कारखान्यातला एक आणि चालू वापरातला एक असे दोन तरी फोटो लागतात, आणि शक्य असेल तर डब्याच्या टोकाचाही.

अजून एक, जुन्या कृष्णधवल फोटोवरून रंगाचा अंदाज बांधू नका. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग पकडायचीच नाही, त्यामुळे तांबूस डबा काळाकुट्ट दिसतो आणि पिवळा रिफरसुद्धा गडद येतो. डेलानोचे रंगीत फोटो यासाठीच सोन्यासारखे आहेत.

अमेरिकेत राहणाऱ्यांना एक जास्तीची सोय आहे, इलिनॉयमध्ये युनियन गावचं इलिनॉय रेल्वे म्युझियम, पेनसिल्व्हेनियात स्ट्रॅसबर्गचं, कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोचं, तिथे जाऊन डब्याखाली वाकून बघता येतं. टेप घेऊन जा. फक्त म्युझियममधल्या डब्याचा रंग आणि अक्षरं मात्र पुरावा म्हणून धरू नका, ते नंतर रंगवलेले असतात.

डब्यावरची अक्षरं वाचायला शिका

हे एक आलं की निम्मं काम झालं असं मी म्हणेन, म्हणून इथे थोडा वेळ घालवू.

बॉक्सकारच्या बाजूला डावीकडे रेल्वेची आद्याक्षरं आणि नंबर, त्याच्याखाली तीन ओळी वजनाच्या: कॅपी म्हणजे क्षमता, एलडी एलएमटी म्हणजे जास्तीत जास्त माल किती, एलटी डब्ल्यूटी म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन. या शेवटच्या ओळीशेजारी एक बारीक कोड असतो, स्टेशनचं किंवा कारखान्याचं चिन्ह आणि महिना-वर्ष. रिकामं वजन दर काही वर्षांनी पुन्हा करावं लागायचं, लाकूड भिजतं-सुकतं, दुरुस्त्या होतात, म्हणून. नवीन वजन केलं की जुने आकडे झाकून ताजे आकडे लिहायचे आणि तिथे नवीन तारीख टाकायची. नवा कोरा डबा असेल तर तिथे "न्यू" लिहिलेलं असतं.

आता याचा फायदा बघा. फोटोवर तारीख नाही, कोणीतरी मागे "१९४० च्या दशकात" एवढंच खरडलंय, पण झूम केल्यावर वजनाची तारीख ५-४१ दिसली. म्हणजे फोटो मे १९४१ च्या आधीचा असूच शकत नाही. मग खाली कडेला अजून बारीक अक्षरात आरपीकेडी शोधा, ती म्हणजे धुरेच्या बेअरिंगमधलं तेलाचं पॅकिंग कधी बदललं त्याची नोंद, हे तर वजनापेक्षाही लवकर-लवकर करावं लागायचं, त्यामुळे ती तारीख फोटोच्या खऱ्या तारखेच्या अजून जवळ नेते.

हाच नियम उलटा आपल्या मॉडेलला लावायचा. लेआउट, म्हणजे तुमची मांडलेली मॉडेल रेल्वे, जानेवारी १९४३ चं आहे आणि डब्यावर वजनाची तारीख १९४८ ची, तर तो डबा तिथे असू शकत नाही, बाकी सगळं अगदी बरोबर असलं तरी. बाजारातल्या तयार डब्यांवर ही चूक सर्रास असते आणि दुरुस्तीला वीस मिनिटं लागतात, जुनी तारीख हलकेच घासून नवा बारीक डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं, लावायचा.

डब्याचे भाग, एकेक करून

तिसरी पायरी, डबा भागांमध्ये तोडून बघायचा. उंची, बाजू, टोकं, छत, दार, ब्रेक, ट्रक. ट्रक म्हणजे खालची चार चाकांची बोगी. प्रत्येक भागाला स्वतःची तारीख आहे.

उंची सगळ्यात आधी, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. पेनसिल्व्हेनिया रेलरोडची एक्स-२९ ही १९२४ पासून बनलेली पोलादी बॉक्सकार, जवळजवळ तीस हजार बनल्या, म्हणजे १९४३ च्या कुठल्याही मोठ्या यार्डात ती हवीच. तिची आतली उंची ८ फूट ७ इंच. पहिल्या महायुद्धात सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या होत्या, तेव्हा यूएसआरए म्हणजे त्या सरकारी खात्याने एक लाख डबे ठरावीक डिझाइनचे मागवले, त्यातल्या बॉक्सकार ९ फुटी. आणि १९३७ ची एएआर, म्हणजे अमेरिकन रेल्वेंच्या संघटनेची, स्टँडर्ड बॉक्सकार १० फूट. एक्स-२९ आणि १९३७ ची शेजारी ठेवली तर सतरा इंचांचा फरक, एचओमध्ये पाच मिलीमीटर! छताची रेषा वर-खाली होते, आणि युद्धकाळातल्या मालगाडीची ओळखच ती आहे. सगळे डबे एका उंचीचे दिसले की गाडी खोटी वाटते, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण वाटते.

बाजू: लाकडी की पोलादी, लाकडी असेल तर पोलादी सांगाडा आत झाकलेला की बाहेर दिसणारा. यूएसआरएने दोन्ही मागवले होते, प्रत्येकी २५,००० बॉक्सकार, बाहेर तिरकस पट्ट्या दिसणाऱ्या त्या सिंगल-शीद्ड. १९४३ पासून पोलाद वाचवायला पुन्हा लाकडी बाजूंचे वॉर इमर्जन्सी डबे बनायला लागले, पण सुरुवातीच्या महिन्यांत ते अगदी मोजके, तेव्हा जपून.

टोकं आणि दार फोटोशी ताडून बघा. एक्स-२९ चंच घ्या, सुरुवातीच्या डब्यांची टोकं सपाट पत्र्याची आणि नंतरच्यांची उठावदार पन्हाळी असलेली, ड्रेडनॉट म्हणतात ती. दोन्ही एक्स-२९ च, पण नंबर वेगळे. म्हणून मॉडेलवर नंबर टाकताना आधी तो नंबर कुठल्या मालिकेतला आणि त्या मालिकेची टोकं कुठली हे बघायचं. उलट करू नका, म्हणजे डेकलच्या कागदावर जो नंबर हाताला लागला तो टाकला असं नको.

छतावरची चालायची फळी १९४३ मध्ये बहुतेक डब्यांवर लाकडाचीच होती. लोखंडी जाळीची फळी नवीन डब्यांना सक्तीची झाली ती युद्ध संपता संपता. कोरलेल्या पितळेच्या नाजूक जाळीच्या फळ्या दिसायला सुंदर असतात, म्हणून लोक सगळीकडे लावतात, १९४३ मध्ये त्या थोड्याच डब्यांवर शोभतात.

ब्रेक हा भाग लोक सोडून देतात कारण तो खाली असतो, मला मात्र तो सगळ्यात आवडतो. जुना के ब्रेक, त्यात सिलिंडर आणि हवेची टाकी बहुधा एकाला एक जोडून एकच लांबट गोळा. नवा एबी ब्रेक, त्यात सिलिंडर वेगळा, टाकी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळा, तीन तुकडे तीन जागी. १९३३ पासून नवीन डब्यांना एबी, जुने डबे हळूहळू बदलत गेले आणि के ब्रेक पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दिसायचा. म्हणजे १९४३ मध्ये १९२४ च्या डब्याला दोन्हीपैकी काहीही चालेल, १९३७ च्या डब्याला मात्र एबीच. हँडब्रेकचंही तसंच, जुन्याला उभा दांडा आणि छताच्या पातळीवर आडवं चाक, नव्याला टोकावर गिअरच्या पेटीसकट उभं चाक.

ट्रकबद्दल थोडक्यात. पट्ट्या बोल्टने जोडून केलेले आर्चबार ट्रक दुसऱ्या रेल्वेच्या रुळांवर जायला १९४० च्या आसपास बंद झाले. रेल्वेच्या स्वतःच्या कामाच्या डब्यांखाली ठेवा, बाकीच्यांखाली नको. रोलर बेअरिंगचे ट्रक तर अजिबात नको, धुरेच्या टोकाला झाकणाची पेटी दिसली पाहिजे.

किट आणि हत्यारं

सुरुवात प्लास्टिक किटपासून करा. टिची कंपनीचे यूएसआरए काळातले डबे, अ‍ॅक्युरेल कंपनीचे साधे बॉक्सकार, किंमत बरी आणि हात बसवायला उत्तम. रेझिनचे किट अचूक असतात पण पहिला डबा रेझिनचा करू नका. घेण्याआधी किटच्या फोटोतली टोकं, दार, बाजूचे रिव्हेटचे पट्टे आपल्या फोटोशी ताडा. डब्यावर जे नाव छापलंय त्यावर विश्वास ठेवू नका, एकच साचा कंपन्या वीस रेल्वेंच्या रंगात विकतात, त्यातल्या चार-पाच रेल्वेंकडेच तसा डबा असतो.

मग दुरुस्त्या. साच्यातच ओतलेले हातदांडे धारदार छिन्नीसारख्या ब्लेडने तासून काढा, ब्लेड अगदी सपाट धरायचं, एका दमात नाही, पापुद्रे काढत. दोन्ही टोकांना बारीक ड्रिलने भोकं पाडून तारेचे दांडे बसवा. खरा दांडा पाऊण इंची, स्केलप्रमाणे ०.२२ मिमी येतो, पण एवढी बारीक तार हात लागला की वाकते, ०.३ मिमीची वापरा, डोळ्याला बरोबर दिसते. तासताना रिव्हेट गेले तर आर्चर कंपनीचे उठावाचे रिव्हेट डेकलसारखे चिकटवता येतात. फळी जाड असेल तर एव्हरग्रीन कंपनीच्या पातळ प्लास्टिक पट्ट्यांची तीन फळ्यांची नवी करा.

कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारे हुक, केडी कंपनीचे घ्या, त्यातही लहान डोक्याचा ५८ नंबर, नेहमीचा ५ नंबर चालतो चांगला पण दिसायला मोठा. चाकं धातूची, ३३ इंची. वजन एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे, एक औंस आणि वर दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे साडेपाच इंची डब्याला पावणेचार औंस, साधारण १०५ ग्रॅम. वजनं डब्याच्या आत, फरशीवर, चिकटवून टाकायची.

रंग, डेकल, मळ

"फ्रेट कार रेड" नावाचा एकच रंग नव्हता. लोहखनिजाच्या भुकटीचा तो तांबूस-तपकिरी, प्रत्येक रेल्वेची छटा वेगळी आणि प्रत्येक डब्याचं उन्हातलं वय वेगळं. डेलानोच्या यार्डात एका रांगेतले तपकिरी डबे एकसारखे नाहीत हे नीट बघा. दोन-तीन तपकिरी रंग ठेवा आणि थोडं-थोडं मिसळून प्रत्येक डबा वेगळा करा.

डेकलचं एक खास सांगतो. मायक्रोस्केलसारख्या कंपन्यांच्या एकाच कागदावर कित्येकदा वेगवेगळ्या काळातली चिन्हं असतात. पेनसिल्व्हेनियाचं गोलातलं कीस्टोन चिन्ह १९४३ ला बरोबर, सावली असलेलं कीस्टोन १९५४ च्या सुमाराचं. पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसच्या नारिंगी रिफरवर १९४६ च्या आधी एका बाजूला युनियन पॅसिफिकचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला सदर्न पॅसिफिकचं, त्यानंतर दोन्ही बाजूंना दोन्ही. कागदावर दोन्ही चिन्हं आहेत म्हणून लावून टाकायची नाहीत. आधी चकचकीत वार्निश, मग डेकल आणि तो मऊ करून नीट बसवणारं सेटिंग सोल्यूशन, मग मॅट, हा क्रम सगळ्यांना माहीत असतो.

मळवताना तारखा पुन्हा कामाला येतात. वीस वर्षांचा डबा काजळीने भरलेला हवा, पण त्याचं वजन दोन महिन्यांपूर्वी झालं असेल तर आकड्यांखालचा छोटा चौकोन ताज्या रंगाचा हवा. म्हणून आधी डबा मळवा, मग तो चौकोन रंगवा, मग त्यावर तारीख लावा. चाकांच्या तोंडावर नारिंगी गंज लावू नका, साध्या बेअरिंगमधून तेल गळायचं, चाकं काळी, तेलकट, धूळ चिकटलेली असायची. थोड्या खडूच्या खुणा, यार्डातले लोक ट्रॅक नंबर वगैरे खडूने लिहायचे, पांढऱ्या रंगाची टोकदार पेन्सिल पुरते.

एक डबा झाला, आता गाडी

बॉक्सकार सगळ्या देशभर फिरायच्या. डबा उतरवला की जिथे माल मिळेल तिथे भरून पुढे, युद्धात तर फारच. त्यामुळे दुसऱ्या रेल्वेंच्या बॉक्सकार किती ठेवायच्या याचा साधा हिशोब, ज्याच्याकडे देशात जास्त त्याच्या जास्त. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोघांकडे प्रत्येकी पन्नास हजारांहून जास्त बॉक्सकार, म्हणून त्या दोघांच्या आधी घ्या, आणि ज्या छोट्या रेल्वेकडे दोन-तीनशेच होत्या तिचा डबा कितीही गोड असला तरी एकच, आणि तोही रोज दाखवायचा नाही.

हा हिशोब बाकीच्या डब्यांना लावू नका. कोळशाचे हॉपर, म्हणजे तळातून रिकामे होणारे उघडे डबे, खाण ते गिऱ्हाईक अशी ठरलेली फेरी करायचे, म्हणून ते तुमच्या भागातल्या कोळसा रेल्वेंचेच. टँकर तर बहुतेक रेल्वेंचे नव्हतेच, युनियन टँक कार आणि जनरल अमेरिकनसारख्या कंपन्यांचे, आद्याक्षरं यूटीएलएक्स, जीएटीएक्स. १९४२ ला अटलांटिक किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्यांनी तेलाची जहाजं बुडवायला सुरुवात केल्यावर पूर्वेकडे तेल नेणाऱ्या अख्ख्या टँकरच्या गाड्या सुरू झाल्या, म्हणजे १९४३ च्या लेआउटवर नुसत्या काळ्या टँकरची गाडी अगदी रास्त आहे. रिफर हंगामाप्रमाणे, मोठ्या रिफर कंपन्यांचे.

प्रत्येक डब्याची एक पुठ्ठ्याची पट्टी करून ठेवा: नंबर, कुठल्या मालिकेतला, कुठल्या फोटोवरून केला, वजनाची तारीख, ब्रेक के की एबी, आणि काय अंदाजाने केलंय ते. नवीन फोटो हाती लागला की पट्टी काढून बघता येतं नेमकं काय बदलायचं, आणि कोणी विचारलं "हे दार असं का?" तर पट्टी पुढे करायची.